शांततेचं गिऱ्हाईक

नव्या इंजिनांनी विमानं मुकी झाली आणि धावपट्टीलगतच्या जुन्या इमारतीला एकदम सोन्याचा भाव आला. घरमालक बेंद्र्यांच्या डोळ्यांत भाडेकरू कुमुदिनीबाई खुपू लागल्या. आज तर ते गिऱ्हाईकच घेऊन आले.

कुमुदिनीबाई स्वयंपाकघरात दबा धरून बसल्या. जुन्या विमानांचा आवाज त्यांनी कुठून कुठून मिळवून स्पीकरवर घालून घेतला होता. या वयात नवीन घर कोण देणार?

"पूर्वी फार सोसलं हो," बाहेर बेंद्रे सांगत होते. "आता डोक्यावरून विमान गेलं तरी कळत नाही. इथे अगदी..."

बाईंनी बटण दाबलं. मांडणीवरची भांडी थरथरली. आता बेंद्रे आत येऊन स्पीकर फोडणार, म्हणून त्यांनी तो पदराखाली घेतला.

पण बेंद्र्यांची उभी हयात याच इमारतीत गेली होती. आवाज कानावर पडताच त्यांनी हात वर केला, डोळे मिटले आणि विमान जाईपर्यंत सवयीने गप्प उभे राहिले. गिऱ्हाईकाने एकदा त्यांच्याकडे पाहिलं, चपला घातल्या आणि जिना उतरायला सुरुवात केली.

आवाज विरला. बेंद्र्यांनी हात खाली घेतला आणि वाक्य जिथे सोडलं होतं तिथूनच उचललं.

"...शांतता आहे."