घरच्या धाकट्यासाठी

ऊन उतरायला लागलं तरी एकही पोर फाटकात आलं नव्हतं.

निकानोरा अंगणात खुर्ची टाकून बसली होती. समोर हिरव्या डहाळ्यांची कमान, कमानीखाली लाकडी क्रूस, आणि डहाळ्यांना दोऱ्याने बांधलेले चाळीस चिपे, म्हणजे चिजाचे छोटे पाव. पहाटे मातीची भट्टी पेटवून तिने एकटीने ते भाजले होते. मांडिओकाच्या कंदाचं पीठ, चीज, अंडी, डुकराची चरबी, मूठभर बडीशेप. मोठ्यांसाठी करतात तसे कड्यासारखे नव्हेत. हे बारके बारके पक्षी होते, डोळ्याच्या जागी बडीशेपेचा एकेक दाणा.

"चाळीस," तिचा नवरा लिबोरियो म्हणाला. "अगं, शेजारच्या रामोनाची पोरं फेब्रुवारीतच गेली. ट्रकात, कोंबड्यांसकट. तूच हात हलवत उभी होतीस."

"दुसरीकडची येतील."

"दुसरीकडे सोयाबीन आहे. सोयाबीनला पोरं होतात का?"

"गप बस, म्हाताऱ्या. तोंडात दात नाही आणि जीभ बघा."

चेष्टा कुठे थांबवायची ते लिबोरियोला कळत होतं. त्यांचा एकुलता एक आन्सेल्मो पाच वर्षांचा होऊन तापाने गेला, त्याला आता शेहेचाळीस वर्षं झाली होती. दर मे महिन्यात क्रुसाच्या दिवशी त्याच्या नावाने चिपे टांगायचे. पोरांनी हात जोडून मागायचे, त्याच दिवशी खायचे, की ते त्याला पोचतात. मोठ्यांनी खाल्लेलं पोचत नाही. शेहेचाळीस वर्षांत हे एकदाही चुकलं नव्हतं.

पूर्वी फाटकाबाहेर रांग लागायची. लिबोरियो काठी घेऊन ती सरळ करायचा आणि निकानोरा एकेकाला दोन चिपे द्यायची. एक त्याचा. दुसरा देण्याआधी ती विचारायची, "घरी कोणी धाकटं आहे का?" पोरं महालबाड. घरी मांजरसुद्धा नसलं तरी ठासून हो म्हणायची. तिला ते ठाऊक होतं, तरी ती दरवर्षी विचारायची.

रस्त्यावर धूळ उठली. एक जीप फाटकाशी थांबली आणि डबा घेऊन एक तरणा गडी उतरला. सोयाबीनवर फवारणी करणाऱ्यांपैकी होता. इंजिन तापलं होतं, पाणी हवं होतं. लिबोरियोने विहिरीकडे बोट दाखवलं.

"तुला पोरं आहेत का रे?" निकानोराने विचारलं.

"आहेत की. दोन. शहरात असतात, आईपाशी."

"आज भेटतील?"

"रात्रीच्या जेवणाला पोचतो मी."

ती इतक्या घाईने उठली की खुर्ची आडवी झाली. तिने चार पक्षी सोडले, केळीच्या पानात गुंडाळले, वर दोरा बांधला. "पोरांच्याच हातात द्यायचे. आधी हात जोडायला सांग त्यांना. आणि वाटेत खाऊ नकोस, बाबा. तू खाल्लेलं चालत नाही."

"नाही हो, आजी," तो हसून म्हणाला.

जीप निघाली. दोघंही फाटकापर्यंत गेली. रस्ता सोयाबीनच्या मधून नाकासमोर जात होता, त्यामुळे लांबवरचं दिसत होतं. वळणापाशी जीप जरा हळू झाली. खिडकीतून हात बाहेर आला आणि चुरगाळलेलं केळीचं पान रस्त्यावर पडलं.

"वाऱ्याने उडालं असेल," लिबोरियो म्हणाला.

"वारा कुठाय?"

जमीन विकायची नाही, गाव सोडायचं नाही, हा हट्ट लिबोरियोचाच होता. त्या हट्टापायी या घराभोवती माणूस उरलं नाही, हे त्याला आज पहिल्यांदाच इतकं स्वच्छ दिसलं. निकानोरा परत येऊन क्रुसासमोर उभी राहिली. तिचे डोळे कोरडे होते.

"आज आन्सेल्मो उपाशी राहणार," ती म्हणाली. "आणि पुढच्या वर्षीही."

सूर्य सोयाबीनला टेकला. लिबोरियो तिथेच घुटमळत राहिला. मग त्याने टोपी काढून काखेत धरली, फाटकाबाहेर गेला, फाटक लावलं आणि पुन्हा उघडून आत आला. कमानीपुढे तिच्यासमोर येऊन त्याने दोन्ही हात जोडले, मान खाली घातली. पोरं घालतात तशीच.

"हे काय सोंग?" ती म्हणाली.

तो हलला नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांचा माणूस, टाळूवर चार केस.

"सरळ उभा राहा. लोक हसतील."

"कोण लोक?"

मग वाकून तिने सगळ्यात लहान पक्षी सोडला आणि त्याच्या ओंजळीत ठेवला. दुसऱ्या पक्ष्याचा दोराही तिने सवयीने सोडला आणि सवयीनेच तिने विचारलं,

"घरी कोणी धाकटं आहे का?"

लिबोरियोने वर पाहिलं. हो म्हणायचं, एवढंच काम होतं. सगळीच पोरं म्हणायची.

"नाही," तो म्हणाला. "घरी कोणी नाही."

तिने सोडलेला दोरा पुन्हा डहाळीला बांधला.