लोटनआबांचे नवस

या, जवळ सरका. टाळ मांडीवर ठेवा. पूर्वरंग गाळतो आणि थेट आख्यानाला येतो.

महाराष्ट्र दिनाची ग्रामसभा होती. पंचायतीपुढच्या मांडवात एकोणीस बायका बसल्या होत्या. सभा चालायला हवी होती शंभर माणसं. बाकीचं गाव लोटनआबा पाटलांच्या मळ्यात वरण-बट्टी खात होतं.

सभेपुढे विषय एकच होता, वस्तीकडे जाणारी पाणंद मोकळी करण्याचा. एके काळी तिच्यातून दोन बैलगाड्या शेजारून जात. मग आबांची केळी दरसाल एकेक ओळ पुढे सरकली आणि पायवाट उरली. गेल्या पावसाळ्यात वस्तीवरच्या दगूबाईच्या थोरल्या सुनेला कळा सुरू झाल्या. रुग्णवाहिका डांबरी सडकेवरच थांबली. सुनेला झोळीत घालून चिखलातून नेलं, पण बाळ वाटेतच गेलं. यंदा धाकटी सून रूपाली पोटुशी होती. श्रावणात दिवस भरत होते.

आबा कधी वाद घालत नसत. विषय अडचणीचा निघाला की नेमका त्याच दिवशी त्यांचा एखादा नवस फेडायचा असायचा. इतके नवस देवाच्याही लक्षात नसतील.

ग्रामसेवकाने दीड तास वाट पाहिली, सभा तहकूब केली आणि फळ्यावर पुढच्या बुधवारची तारीख लिहिली.

संध्याकाळी आबा दात कोरत तिथून गेले.

"काय वो दगूबाई, व्हयनी का सभा?"

"कशी व्हई आबा? सारं गाव तुम्हनाकडे जेवी ऱ्हायनं व्हतं."

"नवस व्हता ना."

"बुधवारले परत सभा शे. त्या दिन बी शे का एखादा नवस?"

आबा पोटभर हसले. हरलेल्या माणसाने इतकं आपुलकीने कधी विचारलं नव्हतं. "शे ना, मोठा शे. आते कीर्तन बी ठेवसू."

आबांनी शब्द पाळला. बुधवारी बट्टीच्या जोडीला वांग्याची भाजी होती, शिरा होता, चौदा टाळकरी होते. आणि बुवांचा गळा असा की दगडाने मान डोलवावी. वर दगूबाईच सकाळपासून दारोदार सांगत फिरली, आबांकडचं कीर्तन चुकवू नका म्हणून.

रूपालीला राहवेना. "आत्याबाई, तुम्हीच मानसं तठे कसाले धाडतस?"

"आपला नही पोरी. आबासना मानसं धाडस मी."

मांडवात पुन्हा त्याच एकोणीस जणी होत्या. मळ्यातला मृदंग तिथवर ऐकू येत होता. ग्रामसेवकाने नियम वाचला. तहकूब झालेली सभा पुन्हा भरते, तेव्हा किती माणसं हजर आहेत याची अट नसते. विषय तेवढा तोच लागतो. दगूबाईला यात नवं काही नव्हतं. नऊ वर्षं ती प्रत्येक सभेला मागे बसत आली होती, तहकूब सभांनासुद्धा. आबा तिथवर कधी थांबले नव्हते. जिंकलेला माणूस घरी जातो.

"विरोधात कोणी?" ग्रामसेवकाने विचारलं.

मळ्यातून नामाचा गजर आला. ग्रामसेवकाने तो विरोध धरला नाही. ठराव एकमताने मंजूर झाला.

ज्येष्ठात मोजणी झाली, केळीच्या ओळी निघाल्या, मुरूम पडला. श्रावणात भर पावसात रुग्णवाहिका थेट रूपालीच्या दारात येऊन उभी राहिली. मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत.

तेव्हा बाबांनो, त्या रस्त्याने कधी गेलात तर दगूबाईला रामराम घालाच. पण लोटनआबांचीही आठवण ठेवा. त्यांची दोनशे माणसं एकदा जरी सभेला येऊन हात वर करून गेली असती, तर हा रस्ता झाला नसता.