आइस्क्रीमच्या गोदामातली तालीम

"आत उणे वीस आहे, बाबा. जानेवारीत फिनलंडलाही साधारण एवढंच असेल," म्हणत मी त्यांच्या नव्या जाकिटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. त्यांचे मित्र शिरगुप्पेकाका यांनी सांगलीतल्या आपल्या आइस्क्रीमच्या गोदामाचं जड दार उघडलं.

अट बाबांचीच होती. आत पंधरा मिनिटं काढता आली, तर ते तिथे कुत्र्यांच्या घसरगाडीत माझ्याशेजारी बसणार; नाहीतर मी एकटीने जायचं. आई गेल्यापासून ते मिरजेच्या पुढे कुठे गेले नव्हते. जाकिटाची टोपी मागे सारून त्यांनी आईने विणलेली कानटोपी घातली आणि आत शिरले.

मी स्टॉपवॉच लावलं. निम्मा वेळही झाला नसेल, तोच आतून दारावर थाप पडली. मी स्टॉपवॉच बंद केलं.

बाबांच्या मिशीवर बर्फाचे कण चमकत होते.

"हरलास ना?" काका म्हणाले.

"छे रे. नुसतं उभं राहून पाय दुखतात. खुर्ची दे."

खुर्ची घेऊन आत जाताना ते माझ्याकडे वळले.

"काय गं, त्या कुत्र्यांना ग्लुकोजची बिस्किटं चालतात का?"