मंजिरीला लागलेलं वळण

“नाम क्यों बताऊँ?” चार वर्षांच्या मंजिरीने माईकमध्ये विचारलं आणि महाराष्ट्र मंडळाचा सगळा गणेशोत्सव पोट धरून हसला.

तिचा बाप तेवढा हसला नाही. विमा कंपनीने साताऱ्याहून जयपूरला धाडलेला जयंत मान खाली घालून, प्रसादही न घेता घरी आला.

“बीजींकडे ठेवतेस, मग दुसरं काय होणार?” तो बायकोला म्हणाला.

बीजी म्हणजे राजा पार्कातल्या त्यांच्या पंजाबी शेजारीण. विजयमाला शाळेत शिकवायला गेली की पोरीला त्या सांभाळत. पोर अनवाणी गल्लीभर हुंदडे, गुडघे फोडून घेई आणि न्यायला गेलं की भोकाड पसरे.

“आता आपल्या माणसांत ठेवायची,” जयंतने ठरवलं.

आपलं माणूस खातीपुऱ्यात सापडलं. मालनताई, सुभेदाराची विधवा. घर आरशासारखं लख्ख. पोरं सांभाळत, श्लोक शिकवत. चौकशी म्हणून जयंतने गाव विचारलं. सातारा निघालं. चौकशी संपली.

होळीपर्यंत मंजिरीचं हिंदी गेलं. उन्हाळ्यापर्यंत आरडाओरडाही गेला. अंघोळ मालनताईच घालून पाठवत. घरी ती स्वतःचं स्वतः आवरी, आईला हात लावू देत नसे. चवड्यांवर चाले, पावलाचा आवाज म्हणून नाही. पांढरे मोजे तर लूच्या झळांतही पायातून निघेनात.

“इतनी गर्मी में मोज़े?” बीजींनी जिन्यात अडवून विचारलं. “और यह अब रोती क्यों नहीं?”

“वळण लग गया है, बीजी,” विजयमाला म्हणाली. हिंदीत त्याला काय म्हणतात ते तिला आठवेना.

“जळतायत,” जयंतने घरात येऊन निकाल दिला.

पुढच्या गणपतीत मंजिरीने हात जोडून, कुठेही न अडखळता सगळे श्लोक म्हटले. मंडळाचे अध्यक्ष आप्पासाहेब दुसऱ्याच दिवशी घरी हजर. त्यांच्या नातवालाही वळण हवं होतं.

“मालनताईंचा पत्ता तेवढा द्या, जयंतराव.”

जयंतची मान वर्षभरात पहिल्यांदा ताठ झाली. तो पत्ता लिहू लागला. तेवढ्यात मंजिरी सरबत घेऊन आली, ग्लास कलंडला आणि आप्पासाहेबांचं धोतर भिजलं.

“असू दे, बाळ,” आप्पासाहेब म्हणाले.

मंजिरी चवड्यांवर स्वयंपाकघरात गेली.

“फडकं आणायला गेली,” विजयमाला कौतुकाने म्हणाली. “तिला काही सांगावं लागत नाही.”

मंजिरी उलथनं घेऊन आली. ते तिने आईच्या हातात दिलं, फरशीवर बसून एकेक करत मोजे काढले आणि दोन्ही तळपाय आईपुढे धरले.