जोडबंगल्याचं रोप

घरांच्या नर्सरीत बंगल्यांची रोपं उन्हात ठेवली होती, रो-हाऊसची एका ओळीत होती आणि फ्लॅटचे वेल मांडवावर चढवले होते. शालन गवांदे त्यांच्याकडे ढुंकूनही न पाहता थेट कोपऱ्यातल्या रोपापाशी गेल्या.

“हा जोडबंगला द्या.”

“ताई, तुम्ही तर एकट्याच राहणार ना?” नर्सरीवाले खोतकाका म्हणाले. “मग साधा बंगला लावा, वर्षभरात छप्पर धरेल. जोडबंगल्याला दोन्ही बाजूंनी माणसांची ऊब लागते. एक बाजू रिकामी राहिली, तर मधली भिंत वाळते आणि अख्खं घर बसतं.”

“दुसऱ्या बाजूला माझी धाकटी जाऊ राहील.”

“त्यांना विचारलंत?”

“विचारणार कशी? बारा वर्षं झाली, ती माझं तोंड बघत नाही.” शालनताईंनी पत्त्याचा कागद पुढे केला. “तुम्हीच कळवा. म्हणावं, तू आली नाहीस तर हे रोप वाळेल.”

“आणि तरी नाही आल्या तर?”

शालनताई हसल्या. “काका, भांडून घर सोडलं त्या दिवशीसुद्धा ती जाताना माझ्या मोगऱ्याला पाणी घालून गेली होती. खड्डा दोन घरांचाच घ्या.”