आतून कडी

दारासमोर आडवा उभा राहून शेजारचा मोन म्हणाला, "यानिरा, अजून थोडं थांब. काकांना आत्ता बाहेर काढलंस तर गल्ली तुला जन्मभर शिव्या घालेल."

दार न्हाणीघराचं होतं. आत तिचे वडील ओविदिओ कडी घालून बसले होते. बाहेर यानिरा पासपोर्ट हातात धरून उभी, आणि रस्त्यावर विमानतळाची गाडी हॉर्नवर हॉर्न वाजवत होती. न्यूयॉर्कला म्हाताऱ्या माणसांची देखभाल करायचं काम मिळालं होतं तिला. एकदा गेली की कागदपत्रं पक्की होईपर्यंत परत येता येणार नव्हतं, आणि त्याला किती वर्षं लागतात ते देवालाच ठाऊक. बापाला मिठी मारल्याशिवाय तिचा पाय निघत नव्हता. पण बैठकीत टीव्हीसमोर अर्धी गल्ली कोंबून बसली होती. बेसबॉलची फायनल, त्यातला शेवटचा नववा डाव, आणि आपला संघ, म्हणजे खलाशी, एका धावेने मागे.

ओविदिओचं खलाशांवरचं प्रेम म्हणजे घराला लागलेलं दुखणं होतं. संघ जिंकला की हा माणूस गल्लीतल्या कुत्र्यांचेसुद्धा मुके घ्यायचा. हरला की जेवायचा नाही, आणि त्याआधी हाताला लागेल ते भिरकावायचा. एकदा भात-राजम्याची भरली थाळी टीव्हीवर गेली. टेबलफॅन गेला. बायकोच्या, नुरिसच्या, लग्नातल्या कपबशा गेल्या. मग एका रविवारी संघ हरत असताना तो तणतणत तोंड धुवायला न्हाणीघरात गेला, आणि इकडे खलाशांनी सामना फिरवला. तो बाहेर आल्यावर नुरिसने ठोकून दिलं, "तू कडी घातलीस आणि त्याच क्षणी पहिली धाव झाली." धाव झाली होती, पण कडी घालून बराच वेळ लोटल्यावर.

बेसबॉलच्या वेड्यांना एवढं पुरतं. नशीब फिरलं तेव्हा जो जिथे होता, त्याने तिथेच बसायचं, हा आमच्याकडे धर्मच आहे. तेव्हापासून संघ मागे पडला की अख्खी गल्ली म्हणायची, "काका, आत." आणि काका मुकाट आत जायचे. नुरिसची भांडी वाचली. तिने आत एक स्टूलही नेऊन ठेवलं.

आज मात्र कोणाला सांगावं लागलं नाही. गाडी येऊन उभी राहिली, मोनने यानिराची बॅग डिकीत टाकली, आणि ओविदिओ आपणहून उठून आत गेला. तेव्हा खलाशी पुढे होते. तो आत गेल्यावर मागे पडले.

"बाहेर असते तर याहून वाईट झालं असतं," मोन म्हणाला, आणि ते सगळ्यांना पटलं.

या खेळाला घड्याळ नाही, तिथेच तर सगळं अडतं. शेवटचा गडी बाद होत नाही तोवर डाव चालूच, मग विमान उडो नाहीतर राहो. तीन बाद झाले की डाव संपतो. खलाशांचे दोन बाद झाले होते, एक खेळाडू मैदानात मध्येच अडकून उभा होता, आणि तिसरा काही केल्या बाद होत नव्हता. चेंडूमागून चेंडू नुसता रेषेबाहेर टोलवत होता, त्यात ना धाव ना बाद. गाडीवाला पुन्हा हॉर्न वाजवायला लागला.

नुरिसला राहवेना. तिने टीव्हीचा आवाजच बंद केला. बैठकीतली माणसं तिच्याकडे अशी बघायला लागली की जणू तिने कोणाचा गळाच दाबला.

"ऐका सगळे. ते न्हाणीघराचं मी रचलेलं आहे. माझ्या बशा वाचाव्यात म्हणून. तो आत बसल्याने काही होत नाही. आता येऊ दे त्याला बाहेर."

"काकू, आज तुम्ही असंच म्हणणार," मोन समजुतीने म्हणाला. "पोरगी चाललीय तुमची. तुमच्या जागी मी असतो तर मीही हीच थाप मारली असती."

कोणीतरी आवाज परत मोठा केला. ज्या जिभेने नवऱ्याला कोंडलं, त्या जिभेने त्याला सोडवता येईना. तिने दारावर थाप मारली. "ओविदिओ, तू तरी ऐकलंस ना?"

कडी काही निघाली नाही. मग नुरिसचं डोकं फिरलं. ती लेकीकडे वळली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुझ्या बापाला तुझ्यापेक्षा ते खलाशी प्यारे आहेत. जा तू. विमान चुकेल."

लहानपणापासून यानिरालाही तसंच वाटत आलं होतं, फक्त तोंडावर कोणी म्हटलं नव्हतं. तिने डोळे पुसले आणि पर्स उचलली.

तेवढ्यात चेंडू कुंपणापलीकडे गेला. अडकलेल्याची एक, मारणाऱ्याची एक, अशा दोन धावा, आणि सामना तिथल्या तिथे संपला. खुर्च्या उलथल्या, बायका पातेली वाजवत रस्त्यावर धावल्या, गाडीवालासुद्धा उतरून नाचायला लागला. मोन धावत न्हाणीघराशी आला. त्याचे डोळे पाण्याने भरले होते.

"काका, या बाहेर. जिंकलो आपण. पोरं तुम्हाला खांद्यावर घ्यायला थांबलीत."

कडी हलली नाही. त्याने दार ठोठावलं, ढकलून पाहिलं. पोरांनी हाका मारल्या. हळूहळू बैठकीतला गलका ओसरला आणि माणसं एकमेकांकडे बघायला लागली. नुरिसने तोंडावर हात धरला.

यानिराने मोनला बाजूला केलं आणि दाराला कपाळ टेकलं. "पपा, मॅच संपली. मी निघते आता."

मग ओविदिओचा आवाज आला, रडून रडून बसलेला.

"नीट बघ गं पोरी. अजून एक डाव राहिला असेल."