इंजिन बसेपर्यंत गप्प

"तोंडातून आवाज काढाल तर याद राखा!" जिपारच्या सासऱ्यांनी, कासिमालींनी, अंगणात जमलेल्या अख्ख्या आळीला दम भरला. "माझा घोडा कोक-बोरूच्या खेळातला आहे. मैदानात लोक ओरडले की बकऱ्याचं धड घेऊन सुटतो. इथं ओरडलात तर इंजिन घेऊन सुटेल."

आता अत-बाशी गावच्या माणसांना गप्प बसा म्हणायचं म्हणजे चेष्टाच. इथं दोघं भेटले तरी पलीकडच्या डोंगराला कळतं. पण आज सगळ्यांनी ओठ आवळले होते. तीन ओंडके शेंड्याला बांधून तिकाटी उभी केली होती, शेंड्याला कप्पी लावली होती. कप्पीतून आलेला दोर कारागेर घोड्याच्या खोगिराला बांधलेला होता, आणि दुसऱ्या टोकाला, बॉनेट काढलेल्या गाडीवर, इंजिन लोंबकळत होतं.

जिपारला धास्ती होती आणि खरं सांगायचं तर भारी मजाही वाटत होती. इंजिन घरीच बदलू, ही टूम तिचीच. गॅरेज खिंडीपलीकडे, आणि बिनइंजिनाची गाडी खिंड चढत नाही. आळीतल्या बायका तिच्याच गाडीतून बाजाराला जायच्या. सासऱ्यांनी घोडा दिला खरा, पण चारचौघांत बजावून. "एकदा करून बघ. नाही सुरू झाली तर गाडी भंगारात. मग डोळे पुसत बसायचं नाही."

"एक पाऊल मागे," ती कुजबुजली. सासऱ्यांनी घोड्याच्या छातीवर हात ठेवला. कारागेर मागे सरला. इंजिन वीतभर खाली आलं.

"दिसतंय का रे?" तिनं गाडीखाली आडव्या झालेल्या नवऱ्याला विचारलं. एर्मेक जॅकवर गिअरबॉक्स तोलून धरत होता. त्याचे फक्त बूट बाहेर होते.

"काहीतरी काळं काळं येतंय."

"अरे, तेच इंजिन!"

बायकांनी डोक्याच्या रुमालांची टोकं तोंडात कोंबली. एवढ्यात शेजारची सोनुनकाकू गरम बोरसोकांची, तळलेल्या कणकेच्या गोळ्यांची, परात घेऊन फाटकातून आत आली. तिला बिचारीला काय ठाऊक! अधांतरी इंजिन पाहून तिच्या तोंडून निघालंच, "अगं बया! उडतंय की हे!"

कारागेरचे कान ताठ झाले आणि त्यानं झेपच घेतली. इंजिन सर्रकन वर जाऊन कप्पीला आदळलं. तिकाटीचा एक पाय जमिनीवरून सुटला. जिपारनं कसाबसा हात मागे घेतला. 'एर्मेक, बाहेर नीघ!' म्हणून ती किंचाळणारच होती, पण किंचाळायची सोय कुठं होती? तिनं त्याचे दोन्ही पाय धरून जीव खाऊन ओढले. तो जागचा हलला नाही. बूट तेवढे हातात आले.

सासऱ्यांनी लगाम सोडला नव्हता. टाचा मातीत रुतवून ते घोड्याच्या मानेला लटकले होते आणि लेकराला निजवावं तसं त्याच्या कानात काहीबाही पुटपुटत होते. कारागेर फुरफुरत थांबला. तिकाटीचा पाय पुन्हा जमिनीला टेकला.

"इंजिन गेलं का गं?" गाडीखालून घाबरा आवाज आला.

"आहे. तू मोजे दाखवू नकोस, भोकं पडलीत."

सोनुनकाकूला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिनं काय करावं? परातीतला एक बोरसोक उचलून स्वतःच्याच तोंडात बोळ्यासारखा कोंबला. आळीला युक्ती पटली. परात हातोहात फिरली. भरल्या तोंडानं ओरडणार कोण?

"मागे... अजून मागे... थांबा, थांबा." इंजिन गिअरबॉक्सला भिडलं आणि अडलं. जिपारनं खांदा लावून ते जरासं हलवलं. खालून एर्मेकनं रेटलं. खट् आवाज झाला आणि सगळं आपसूक आत सरकलं.

"बसलं," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांना पाणी आलं, आणि तेही पुसायचं नाही, असं ठरलं होतं.

मग वायरी, नळ्या, तेल, पाणी. ऊन उतरलं. दोर कधीच सोडला होता. आता खुशाल बोंबला, कुणाचं काही बिघडणार नव्हतं, पण लक्षात कुणाच्या? सगळे कुजबुजतच होते. सासरेही लगाम मुठीत धरून उभे. "घोड्याचा घाम वाळू दे, मग नेतो," म्हणत होते. घोडा कधीचा वाळला होता.

जिपार आत बसली. किल्ली फिरवली. खर्र... खर्र... बंद. पुन्हा तेच. तिनं सासऱ्यांकडे पाहिलं. ते खाली बघत होते.

"पेट्रोल वर यायला वेळ लागतो," एर्मेक खिडकीशी कुजबुजला.

"ठाऊक आहे मला," ती दात आवळून म्हणाली आणि किल्ली धरूनच ठेवली.

इंजिनानं एक ठसका दिला. मग दुसरा. आणि मग असं काही पेटलं की गाडी अंगभर थरारली!

सगळ्यांनी तोंडावर हात दाबले. कुणी उड्या मारत होतं, कुणी शेजाऱ्याला गुद्दे घालत होतं, आवाज मात्र एकाचाही नाही. दम दिला होता ना म्हाताऱ्यानं!

आणि ओरडले तेच. अगदी बेंबीच्या देठापासून, तरणेपणी मैदानात ओरडायचे तसे. "सुनेनं केलं रे! माझ्या सुनेनं केलं!"

कारागेरला तेवढं पुरे होतं. तो सुटला तो बटाट्यांच्या वाफ्यांतून, वाळत घातलेल्या कपड्यांतून. मागून सासरे, टोपी एकीकडे आणि पाय पडतील तिकडे. त्यांनी लगाम सोडला नाही, आणि ओरडणंही.